साठ मिलिलिटर तेल

बालमित्रांनो, आज घरी गेलात की आई-बाबांना किंवा आजोबांना एक प्रश्न विचारा. ‘पूर्वी स्कूटर सुरू झाली नाही, की तुम्ही काय करायचात?’

बघा, त्यांच्या चेहऱ्यावर लगेच हसू येईल! मग ते उभे राहतील, हात पुढे करतील आणि हवेतच एक अदृश्य स्कूटर स्वतःच्या अंगावर तिरकी करून दाखवतील. हो, तिरकी! टाकीच्या कोपऱ्यात उरलंसुरलं पेट्रोल असेल तर ते नळीकडे सरकावं म्हणून स्कूटर आडवी करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किक मारायची. एक, दोन, तीन... दहा. तरीही हूं की चूं नाही. मग प्लग काढायचा, त्यावरची काळी काजळी पॉलिश पेपरनं घासायची, प्लग पुन्हा बसवायचा आणि परत किक. ‘फट्-फट्-फटर्र’ आवाज आला आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला, की सगळ्यांचे चेहरे खुलायचे.

तो निळसर धूर कशाचा असायचा, माहीत आहे? तेलाचा. पेट्रोलचा नव्हे बरं का, तेलाचा! त्या काळी स्कूटरमध्ये नुसतं पेट्रोल घालून चालत नसे. दर लिटर पेट्रोलमागे साधारण २० मिलिलिटर तेल मिसळावं लागे. या तेलाला ‘टू-टी ऑइल’ म्हणत. पेट्रोल पंपावर त्याचं वेगळं यंत्र असायचं. पंपावरचा माणूस त्याचा दांडा हातानं हलवायचा आणि काचेच्या नळीतून मोजून तेल द्यायचा.

हे वीस-वीस मिलिलिटर तेल किती मोलाचं असतं, हे मी आठवीत असताना शिकलो. पुस्तकातून नाही. एका अशा चुकीतून, की जी सांगायची मला आजही लाज वाटते. पण सांगतो.

ही गोष्ट १९९१ सालची. आम्ही तेव्हा वाईला राहायचो. दिवाळीची सुट्टी होती. बाबांची स्कूटर आदल्या रात्री रिझर्व्हवर घरी आली होती. सकाळी बाबांनी माझ्या हातात कॅन दिला, पैसे मोजून दिले आणि म्हणाले, ‘तीन लिटर पेट्रोल आण. आणि साठ मिली तेल. विसरू नकोस हं.’

पंप गावाबाहेर होता. चालत जायला अर्धा तास. पण चौकातल्या दुकानात तासाच्या भाड्यानं सायकली मिळायच्या. माझ्या डोक्यात किडा वळवळला. तेल नाही घेतलं, तर तेवढ्या पैशांत सायकल येते! कॅन घेऊन जाऊ, पेट्रोल आणू आणि उरलेला वेळ नदीच्या घाटावर चकरा मारू. आणि साठ मिलिलिटर म्हणजे असं ते काय? आईच्या फोडणीच्या पळीत मावेल एवढं. तीन लिटरमध्ये तेवढं कमी पडलं तर कुणाला कळणार आहे?

पंपावरच्या दादानं पेट्रोल भरलं आणि विचारलं, ‘तेल किती?’

‘नको,’ मी म्हणालो.

‘अरे, स्कूटरला ना? तेल लागतं.’

‘घरी आहे आमच्याकडे.’

त्यानं दोनदा विचारलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढं ते महत्त्वाचं आहे.

घरी येऊन मी स्वतःच पेट्रोल टाकीत ओतलं. स्कूटर सुरू झाली. टाकीत आधीचं तेल मिसळलेलं थोडं पेट्रोल उरलेलं होतं ना! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. गावातल्या गावात बाबा चार फेऱ्या मारून आले. उलट संध्याकाळी आईला म्हणाले, ‘आज धूर अगदी कमी येतोय गं. मागच्या सर्व्हिसिंगचा गुण दिसतोय.’ मी मान खाली घालून फटाक्याची माळ सोडवत बसलो.

तिसऱ्या दिवशी आई-बाबा आत्याकडे पाचगणीला निघाले. वाईहून पाचगणीला जायचं म्हणजे पसरणीचा घाट चढावा लागतो. नुसता चढ आणि वळणं. दोघांचं ओझं, दुसरा गिअर, दुपारचं ऊन. अर्ध्या घाटात इंजिनानं एकदम ‘कर्र’ असा आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. बाबांनी झटकन क्लच दाबला म्हणून चाक सुटलं. नाहीतर स्कूटर कुठं गेली असती कोण जाणे! तरी ती घसरलीच. आई एका बाजूला बसलेली, ती रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं, हातातल्या बांगड्या फुटून मनगटात काचा घुसल्या. नशीब की मागून एसटी येत नव्हती.

मी कट्ट्यावर खेळत होतो. एक टेम्पो दारात थांबला. मागे दोरीनं बांधलेली आमची स्कूटर. पुढून आई उतरली, हाताला रुमाल बांधलेला, रुमाल लाल झालेला. माझ्या पोटात खड्डा पडला. बाकी कुणाला नसलं तरी मला लगेच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटर ढकलत गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीकाकांनी किक दाबून पाहिली. किक हलेचना. त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल बोटांवर घेतलं, चोळलं. पेट्रोल उडून गेलं. त्यांनी बोटं बाबांच्या पुढं धरली. ‘साहेब, बोटं बघा. कोरडी ठणठणीत. तेल असतं तर तुळतुळीत लागली असती. यात तेलाचा थेंब न्हाई. पिस्टननं पकडलंय.’

‘तेल नाही कसं?’ बाबा म्हणाले. ‘परवाच तर मागवलं होतं.’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, ‘मी सांगितलं होतं त्याला.’

एवढंच. एक वाक्य.

बाबा तडक पंपावर निघाले. मला बरोबर घेतलं. तिथल्या मॅनेजरना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बायको पडली, हाताला टाके पडले, खर्च किती येणार माहीत नाही. मॅनेजरनी त्या दादाला बोलावलं. तो विशीतलाच असेल. त्यानं मला ओळखलं. ‘साहेब, मी विचारलं होतं याला...’ तो पुटपुटला. मॅनेजर ओरडले, ‘एक तर चूक करायची आणि वर लहान पोराच्या अंगावर ढकलायचं? उद्यापासून येऊ नकोस!’

त्या दादाचा चेहरा मला अजून आठवतो. तो रागावला नव्हता. घाबरला होता.

मग माझ्या तोंडातून शब्द फुटले. ‘मीच नको म्हणालो होतो. ते पैसे मी सायकलला दिले.’

बाबांनी मला मारलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. त्यांनी आधी त्या दादाची माफी मागितली, मग मॅनेजरची. मलाही मागायला लावली. परत येताना बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. कृष्णेच्या पुलावर आल्यावर म्हणाले, ‘इंजिन काय, दुरुस्त होईल. त्या पोराची नोकरी गेली असती, तर ती कुठल्या गॅरेजात दुरुस्त केली असती?’

शिक्षा मात्र झाली. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी दोन तास गॅरेजमध्ये जायचं आणि मिस्त्रीकाका सांगतील ते करायचं. आणि दोस्तांनो, खरं सांगू? त्या शिक्षेइतकं मी शाळेतही कधी शिकलो नाही.

पहिल्या दिवशी काकांनी आमच्या स्कूटरचं इंजिन उघडलं. आत एक गोल नळकांडं होतं. ते सिलिंडर. त्यात वर-खाली सरकणारं, पालथ्या पेल्यासारखं दिसणारं ॲल्युमिनियमचं भांडं. तो पिस्टन. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ‘दट्ट्या’ म्हटलेलं असेल. आमच्या पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे पडले होते, जणू मांजरानं बोचकारलं होतं.

‘हे बघ,’ काका म्हणाले, ‘इंजिन म्हंजे काय जादू न्हाई. पेट्रोलची वाफ आन् हवा आत घ्यायची, दाबायची, ठिणगी टाकायची. भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली दांडा हाय, तो क्रँकला फिरवतो. आईचं शिवणयंत्र बघितलंस न्हवं? पाय वर-खाली होतो आन् चाक गोल फिरतं. तसंच.’

शिवणयंत्राची उपमा मला लगेच पटली. पाय काढून घेतला तरी शिवणयंत्राचं जड चाक थोडा वेळ स्वतःहून फिरत राहतं. इंजिनातही असंच एक जड चाक असतं. एकदा भडका उडाला, की पुढचा भडका उडेपर्यंत हेच चाक पिस्टनला वर-खाली हलवत ठेवतं.

पण मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. त्याच दिवशी गॅरेजमध्ये एक नवीन मोटारसायकल आली होती. तिच्या मागून धूर येत नव्हता. आवाजही वेगळा, ‘डुग-डुग-डुग’ असा संथ. तिचे मालक म्हणाले, ‘हिच्या पेट्रोलात तेल घालावं लागत नाही.’ मी काकांना विचारलं, ‘काका, मग आमच्याच स्कूटरला का लागतं? हिला का नाही?’

काका हसले. ‘आता इचारलास खरा सवाल! ही चार स्ट्रोकची. तुमची दोन स्ट्रोकची.’

स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एक धाव. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत गेला, एक धाव झाली. परत वर आला, दुसरी झाली. दोन धावा झाल्या की क्रँकचा एक फेरा पुरा होतो.

आधी चार धावांचं इंजिन कसं चालतं ते पाहू. त्याच्या डोक्यावर दोन दरवाजे असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एक आत घ्यायचा, एक बाहेर सोडायचा.

पहिली धाव: पिस्टन खाली जातो, आत घ्यायचा दरवाजा उघडतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिचकारीत पाणी ओढतो ना, अगदी तसं.

दुसरी धाव: दोन्ही दरवाजे बंद. पिस्टन वर येतो आणि मिश्रण दाबून अगदी एवढंसं करतो.

तिसरी धाव: प्लगमधून ठिणगी पडते. भडका! आतला वायू २,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, फुगतो आणि पिस्टनला दणकन खाली ढकलतो. गाडी चालते ती या एका धावेच्या जोरावर.

चौथी धाव: बाहेरचा दरवाजा उघडतो. पिस्टन वर येतो आणि जळून गेलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर हाकलतो.

म्हणजे धावा चार, फेरे दोन आणि काम फक्त एकदा. उरलेल्या तीन धावा नुसती तयारी आणि आवराआवर.

आता दोन धावांच्या इंजिनाची गंमत बघा. काकांनी आमचा सिलिंडर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘यात दरवाजे शोध.’ मी उलटसुलट करून पाहिलं. एकही व्हॉल्व्ह नाही! नुसत्या भिंतीत कापलेल्या खिडक्या. एका बाजूला मोठी खिडकी, ती धूर बाहेर जायची. दुसरीकडे त्याहून थोड्या खाली असलेल्या खिडक्या, त्या ताजं मिश्रण आत यायच्या. त्या उघडायच्या कुणी आणि लावायच्या कुणी? तर खुद्द पिस्टननंच! तो वर गेला की त्याच्या अंगानं खिडक्या झाकल्या जातात. खाली आला की उघड्या पडतात. घरचा मालक आणि दारावरचा पहारेकरी दोन्ही तोच.

आणि दुसरी गंमत म्हणजे हा पिस्टन एका वेळी दोन कामं करतो. डोक्यानं एक आणि बुडानं दुसरं. पिस्टनच्या खाली, जिथं क्रँक फिरतो, तिथं एक बंद खोली असते. तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टन वर चालला, की त्याचं डोकं वरचं मिश्रण दाबतं आणि त्याच वेळी खालच्या खोलीत पोकळी झाल्यामुळं नवं मिश्रण तिथं ओढलं जातं. वर ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन खाली येतो. खाली येता येता तो खालच्या खोलीतलं मिश्रण दाबतो. आधी धुराची खिडकी उघडते आणि जळका वायू सुसाट बाहेर पडतो. लगेच मागोमाग मिश्रणाच्या खिडक्या उघडतात आणि खाली दाबलेलं ताजं मिश्रण वर उसळतं. येताना ते उरलासुरला धूर ढकलूनही देतं. झालं! पिस्टन पुन्हा वर.

धावा दोन, फेरा एक आणि प्रत्येक फेऱ्याला काम. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात सेकंदाला २५ भडके उडतात आणि दोन धावांच्या इंजिनात ५०. म्हणून तर त्याचा आवाज तसा भराभरा ‘फटर्र’ येतो. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारी यंत्रणा नाही, म्हणून वजन कमी, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. आपल्या १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरचं इंजिन जेमतेम १४५ घन सेंटिमीटरचं होतं. म्हणजे पिस्टन एका धावेत जेवढी जागा व्यापतो ती साधारण कपभर चहाएवढी. त्या कपभर जागेनं आई, बाबा, पुढं उभी असलेली ताई आणि भाजीची पिशवी एवढं सगळं वाहून नेलं!

‘मग तेल?’ मी विचारलं.

‘आता तूच सांग,’ काका म्हणाले. ‘चार स्ट्रोकच्या गाडीत खालच्या खोलीत काय असतं?’

त्यांनी नव्या मोटारसायकलचं झाकण फिरवून दाखवलं. आत चमकदार तेल होतं. तिथं ते साठवून ठेवलेलं असतं. क्रँक, दांडा, सिलिंडरची भिंत सगळ्यांना तेच तेल मिळतं आणि पुन्हा खाली येतं. पिस्टनच्या रिंगा भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून खाली ढकलतात.

‘आन् तुमच्या स्कूटरच्या खालच्या खोलीत?’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या खालच्या खोलीतून तर पेट्रोलचं मिश्रण जातं! ती त्याची वाट आहे. तिथं तेल साठवलं, तर ते सगळं मिश्रणाबरोबर वर जाऊन जळून जाईल. म्हणून तिथं तेल ठेवताच येत नाही. मग ते पाठवायचं कसं? पेट्रोलच्याच हातून! घोटाघोटानं. प्रत्येक घोटाबरोबर जरासं तेल खालच्या खोलीत जातं, क्रँकला लागतं, भिंतीला लागतं आणि शेवटी वर जाऊन जळतं. तोच तो निळसर धूर. काही गाड्यांमध्ये तेलाची टाकी वेगळी असे आणि एक छोटा पंप ते आपोआप मिसळत असे. पण तेल लागायचंच. (स्कूटरच्या गिअरला वेगळं तेल असतं. पण ते वेगळ्या खोलीत. त्याचा पिस्टनला काही उपयोग नाही.)

बाबांना धूर कमी दिसला होता तो का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल!

मग काकांनी पिस्टन सिलिंडरमध्ये धरून दाखवला. दोघांच्या मधली फट जेमतेम कागदाच्या जाडीच्या आसपास. त्या फटीत तेलाचा पातळ पापुद्रा असतो. धातूला धातू थेट लागत नाही, तेलावरून घसरतो. तेल नसलं की धातू धातूवर घासतो, घासून तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फट संपते. पिस्टन सिलिंडरला आतून आवळून धरतो. म्हणजेच ‘पकडतो’. सपाट रस्त्यावर हळूहळू चालताना कदाचित निभावलं असतं. घाटात, दोघांच्या ओझ्यानं, तापलेल्या इंजिनात नाही निभावलं.

सिलिंडर लेथवाल्याकडे गेला. ओरखडे जाईपर्यंत आतून घासून त्याचं भोक थोडं मोठं केलं. याला ‘बोअर करणं’ म्हणतात. मग त्या मापाचा, पाव मिलिमीटर मोठा नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. बाबांचं बिल किती झालं, ते मला कधी सांगितलं गेलं नाही. पण त्या दिवाळीत त्यांनी स्वतःला शर्ट शिवला नाही, एवढं मला दिसलं.

पुढं मोठा झाल्यावर मी या इंजिनांचा इतिहास वाचला. चार धावांची कल्पना फ्रान्समधल्या बो द रोशा यांनी १८६२ साली कागदावर मांडली होती. पण तसं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं ते जर्मनीतल्या निकोलाउस ओटो यांनी, १८७६ साली. पुढच्या काही वर्षांतच स्कॉटलंडचे ड्युगाल्ड क्लर्क यांनी दोन धावांचं इंजिन तयार केलं. मात्र त्यांच्या इंजिनात मिश्रण भरायला एक वेगळा सिलिंडर होता. पिस्टनच्या खालच्या खोलीलाच पंप बनवण्याची युक्ती इंग्लंडमधल्या जोसेफ डे यांची, १८९० च्या सुमाराची. आपल्या स्कूटरचा खरा पूर्वज तो!

आपल्याकडे स्कूटर, लूना, राजदूत, ऑटोरिक्षा अशी सगळी मंडळी याच जातीची. मग ती गेली कुठं? तिच्या युक्तीतच तिची खोट होती. धुराची खिडकी आणि मिश्रणाच्या खिडक्या काही क्षण एकदमच उघड्या असतात. त्यामुळं थोडं ताजं मिश्रण न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतं. म्हणजे पेट्रोल वाया आणि हवा घाण. वर जळक्या तेलाचा धूर आहेच. शहरांत गाड्या वाढल्या, तसा तो धूर सगळ्यांच्या फुफ्फुसांत जाऊ लागला. सरकारनं धुराचे नियम कडक करत नेले. २००० साली एक टप्पा, पुढं आणखी टप्पे आणि १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’. या नियमांत जुनी साधी दोन धावांची इंजिनं बसेनात. कंपन्या चार धावांकडे वळल्या. चेतक हे नाव २०२० साली परत आलं खरं, पण विजेवर! तिला ना पिस्टन, ना तेल, ना तिरकं करायची गरज.

तरी दोन धावांचं इंजिन पुरतं संपलेलं नाही बरं का. कोकणात गवत कापायचं खांद्यावरचं यंत्र पाहिलंत का? त्यातली बरीचशी याच जातीची असतात. आणि जगातली सर्वांत मोठी इंजिनंही दोन धावांचीच आहेत! न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या प्रचंड मालवाहू जहाजांमध्ये जवळजवळ मीटरभर रुंदीचे पिस्टन असलेली डिझेल इंजिनं असतात. ती मिनिटाला शंभराच्या आसपासच फेरे घेतात. पण तिथं हवा वेगळ्या यंत्रानं भरतात, खालच्या खोलीतून नाही. म्हणून तिथं तेल खुशाल खाली राहू शकतं. बघा, कोडं तेच आणि उत्तरही तेच: खालच्या खोलीतून काय जातं?

तुम्हाला एक प्रयोग सांगतो. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा भराभर दहा-बारा वेळा दाबा. पंपाचं खालचं टोक हाताला कोमट लागेल. दाबलेली हवा तापते. ही झाली इंजिनातली दाबायची धाव. पेट्रोलशी मात्र खेळायचं नाही. आणि मी नेला तसा कॅन घेऊन एकट्यानं पंपावर तर मुळीच जायचं नाही.

ओरखडे पडलेला तो जुना पिस्टन मिस्त्रीकाकांनी मला दिला. तो आजही माझ्या टेबलावर आहे. त्यात मी पेनं ठेवतो.

स्कूटर दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा पेट्रोल भरायला बाबांनी मलाच बरोबर नेलं. मला जायचं नव्हतं. तोच दादा पंपावर होता. त्यानं पेट्रोल भरलं, तेलाच्या यंत्राचा दांडा हातात धरला आणि बाबांकडं न बघता माझ्याकडं बघून विचारलं, ‘तेल किती?’

‘साठ,’ मी म्हणालो.

तो हसला. काचेच्या नळीत तेल चढताना आम्ही दोघांनीही नीट पाहिलं. बरोबर साठ.